ओल्या कचऱ्याच्या प्रकल्पाला निधी कसा मिळवायचा : पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्या सोसायट्यांसाठी आणि गावांसाठी

आमच्या सोसायटीने ओल्या कचऱ्याच्या प्रकल्पासाठी पहिला अर्ज केला तेव्हा तो सात पानांचा होता. तापमानवाढ, कचरा डेपोची दुर्गंधी, पुढच्या पिढ्या, सगळं त्यात होतं. अर्ज तपासणाऱ्या बाईंनी तो शांतपणे चाळला आणि एकच विचारलं, "तुमच्याकडे रोज ओला कचरा किती किलो निघतो?" आम्ही तिघं गेलो होतो. तिघांपैकी एकालाही सांगता आलं नाही. अर्ज परत आला, आणि तो परत यायलाच हवा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही रद्दीवाल्याकडून लटकता काटा उसना आणला. खरं काम तिथून सुरू झालं. त्यानंतर पुण्यातल्या काही सोसायट्यांबरोबर आणि दोन गावांबरोबर मी असे अर्ज लिहायला बसले आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे. एकदाचा निधी मिळवणं त्या मानाने सोपं असतं. तो खर्च होऊन गेल्यावर रोज सकाळी खताचा हौद हलवणारं माणूस टिकवणं अवघड असतं. निधी देणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं, कारण त्यांनी दिलेली कितीतरी यंत्रं पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडलेली त्यांनी पाहिलेली असतात. म्हणून खाली पैशाच्या वाटा सांगण्याआधी बरंच काही सांगितलं आहे. ते वगळून थेट पैशाकडे जाऊ नका.

पंधरा दिवस वजन करा

कचरा गोळा करणारं माणूस बादल्या घेऊन जिथे उतरतं, तिथेच काटा टांगा. एक साधी वही ठेवा. तारीख, किती घरांनी ओला कचरा वेगळा दिला, एकूण किती किलो, त्यात प्लास्टिक किंवा डायपर सापडले का. पंधरा दिवस सलग लिहा, रविवार धरून. रविवारचा आकडा वेगळाच येतो. श्रावणातला वेगळा, गणपतीत निर्माल्याचा भार वेगळा, आणि एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या साली-कोयींनी बादल्या दुप्पट जड होतात. तेव्हा सरासरीबरोबर सर्वात जास्त भरलेला दिवसही अर्जात लिहा. हौदाचं माप त्या दिवसावरून ठरतं.

शहरी घरामागे रोज अर्धा ते पाऊण किलो ओला कचरा, असा माझा अनुभव आहे. पण हा आकडा स्वतःच्या अर्जात उचलून घालू नका. तुमचा आकडा तुमच्या वहीतून यायला हवा. समोरच्याने वही मागितली तर ती दाखवता आली पाहिजे. तेलाचे डाग पडलेली, तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांतली वही कुठल्याही रंगीत सादरीकरणापेक्षा जास्त विश्वास देते.

वहीतून आणखी एक गोष्ट समजते. निम्मी घरं अजून एकाच डब्यात सगळं टाकत असतील तर तुम्ही अर्जासाठी तयार नाही. दोन महिने थांबा, घरोघर जा, बायका-पुरुष-मुलं सगळ्यांशी बोला. घरकाम करणाऱ्या ताईंशी आधी बोला, कारण बहुतेक घरांत कोणता कचरा कुठल्या डब्यात जायचा हे प्रत्यक्षात त्याच ठरवतात. वेगळं करणं ही फुकट होणारी गोष्ट आहे. तीच झालेली नसेल तर लोकांनी पैसे का द्यावेत?

कायद्याने तुमच्यावर काय आहेच, ते पाहा

८ एप्रिल २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा-निर्माते ठरवलं आणि ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असं सांगितलं. त्या जागी आलेले नवे नियम १ एप्रिल २०२६ पासूनचे आहेत. त्यांत कचरा चार भागांत वेगळा करायचा आहे : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (बल्ब, जुनी औषधं असा).

याचा निधीशी संबंध असा. जे काम तुमच्यावर कायद्याने बंधनकारक आहे त्यासाठी देणगी मागायला गेलात तर "हे तुम्ही करायलाच हवं" असं उत्तर मिळतं, आणि ते योग्यच आहे. तीनशे फ्लॅटच्या संकुलाने स्वतःच्या पैशातून करावं. निधी मागण्याचा खरा हक्क लहान सोसायट्यांचा, जुन्या वाड्यांचा, चाळींचा, वस्त्यांचा, भाजी मंडईचा, शाळांचा आणि गावांचा आहे. मोठ्या संकुलाला मदत हवीच असेल तर त्यांनी शेजारच्या वस्तीचा कचराही आपल्या हौदात घ्यावा आणि त्या जादा भागासाठी निधी मागावा. असा प्रस्ताव मी एकदाच पाहिला आहे. मला तो मनापासून आवडला.

आधी पद्धत, मग खर्च

बहुतेक जण उलट करतात. कुठून तरी पाच लाख मिळणार असं कळतं आणि मग पाच लाखांत कोणतं यंत्र येईल याचा शोध सुरू होतो. कचरा बारीक करून मिश्रण करणारं यंत्र वाईट नाही, पण त्याला वीज लागते, सुटे भाग लागतात, दुरुस्तीवाला लागतो. शिवाय यंत्रातून बाहेर पडणारा माल खत नसतो. त्याला नंतर काही आठवडे क्रेटमध्ये मुरावंच लागतं. "२४ तासांत खत" असं कुणी सांगितलं तर तो माल ओला करून चार दिवस झाकून ठेवा. वास सुटला तर ते नुसतं सुकवलेलं अन्न आहे.

चाळीस-पन्नास किलोपर्यंत मी जाळीदार विटांच्या हौदांच्या बाजूची आहे. चार फूट लांब, रुंद, उंच असा एक हौद साठ घरांना साधारण महिनाभर पुरतो. भरला की तो दोन महिने मुरायला सोडायचा. म्हणून किमान तीन हौद हवेत, चार असले तर पावसाळ्यात घुसमट होत नाही. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर जवळजवळ तेवढ्याच आकारमानाचा वाळलेला पाला, लाकडाचा भुसा किंवा कोकोपीट टाकायचं. हा सुका थर कार्बन पुरवतो आणि हवा खेळती ठेवतो. मिश्रण मुठीत आवळलं की एक-दोन थेंब पडावेत. धार लागली तर पाला वाढवा, काहीच पडलं नाही तर पाणी शिंपडा. आंबट ताक किंवा शेणाचं पाणी विरजणाचं काम करतं. विकतचं कल्चर चालतं, पण त्याच्यावाचून अडत नाही.

गावात जागा आणि शेण दोन्ही असतात, तिथे नाडेप हौद उत्तम. ही पद्धत आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातली. पुसदच्या नारायण देवतांव पांढरीपांडे यांनी ती बसवली आणि त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला नाव पडलं. साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असा भोकांचा हौद, त्यात काडीकचरा, माती आणि शंभरेक किलो शेणाचा काला. तीन-चार महिन्यांत खत तयार होतं. थोड्या शेणात भरपूर खत, हे त्याचं मर्म.

खानावळ, वसतिगृह, मंगल कार्यालय असं शिजलेलं उरलेलं अन्न जास्त येणारं ठिकाण असेल तर खतापेक्षा बायोगॅस बरा. पुण्याच्या 'आरती' संस्थेने खरकट्यावर चालणारा लहान बायोगॅस संच विकसित केला, त्याला २००६ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. मोठ्या प्रमाणासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'निसर्गऋण' तंत्र आहे. ढोबळ हिशोब असा की दहा किलो खरकट्यातून एक घनमीटरच्या आसपास गॅस मिळतो, आणि तो साधारण अर्धा किलो सिलिंडरच्या गॅसइतकं काम करतो. गॅस वापरणारी चूल जवळ असेल तरच यात पडा.

रोज हात कोण घालणार?

अर्जातला हा सर्वात महत्त्वाचा भाग आणि सर्वात दुर्लक्षित. "रहिवासी स्वयंसेवक पाळीपाळीने पाहतील" हे वाक्य मी अनेक अर्जांत वाचलं आहे. पहिले तीन आठवडे उत्साह असतो, मग परीक्षा, लग्नं, गावाकडची कामं. स्वयंसेवक देखरेखीला हवेतच. पण रोजच्या कामाला पगारी माणूस हवं, आणि त्या माणसाला हातमोजे, गमबूट, पावसाळी कोट, साबण आणि हात धुवायला नळ हवा. हे सगळं अंदाजपत्रकात लिहा.

शक्य असेल तिथे हे काम आधीपासून कचरा वेचणाऱ्यांनाच द्या. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आणि तिच्यातूनच उभी राहिलेली 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे. कचऱ्याबद्दल या बायकांना जेवढं कळतं तेवढं आपल्याला कळत नाही. आमच्याकडच्या मावशी वासावरून सांगतात की हौदात खाली पाणी साचलं आहे. गावात महिला बचत गट हे काम घेऊ शकतो. मात्र मानधन ठरवूनच घ्या, "खत तुम्हाला विकायला मिळेल" एवढ्यावर त्यांना राबवू नका. १०० किलो ओल्या कचऱ्याचं २० किलोच्या आसपास खत होतं. त्या विक्रीतून रोजी निघत नाही.

आता हिशोब मांडून पाहू. समजा साठ घरं, रोज ३४ किलो, म्हणजे वर्षाला सुमारे १२.४ टन. मानधन महिना ५,००० धरलं तर वर्षाचे ६०,०००. कोकोपीट, अवजारं, डागडुजी यांचे १४,०००. एकूण ७४,००० रुपये, म्हणजे घरामागे महिना १०३. हा आकडा सर्वसाधारण सभेत आधी मांडा. १०३ रुपये द्यायला सभासद तयार आहेत असा ठराव हातात असेल तर तुमचा अर्ज दहांतल्या नऊ अर्जांच्या पुढे गेला असं समजा. कारण बहुतेक निधी बांधकामाला आणि वस्तूंना मिळतो, चालवण्याच्या खर्चाला मिळत नाही.

पैसा कुठे आहे : शहरात

सर्वात जवळचा पैसा मालमत्ता करात आहे आणि त्याकडे कुणी निधी म्हणून बघत नाही. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पर्जन्यजल संधारण यांपैकी एक प्रकल्प चालू असलेल्या मिळकतींना सर्वसाधारण करात ५ टक्के आणि दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के सवलत देते. समजा एका सदनिकेचा सर्वसाधारण कर ८,००० आहे. ५ टक्क्यांनी ४०० रुपये वाचले. साठ घरांचे २४,०००. वरच्या ७४,००० मधला जवळजवळ तिसरा हिस्सा दरवर्षी तिथून निघतो. देणगी एकदाच येते, ही सवलत प्रकल्प चालू आहे तोवर येत राहते. सभासदांनी ती आपापल्या खिशात न ठेवता प्रकल्पाच्या खात्यात द्यावी, असा ठराव करून घ्या. प्रकल्प खरंच चालू आहे का याची पाहणी होते आणि बंद आढळला तर सवलत जाते. त्यासाठीही ती वजनाची वही लागते. दुसऱ्या शहरात असाल तर तिथल्या कर विभागात विचारा. बऱ्याच पालिकांनी अशा सवलती ठेवल्या आहेत, प्रत्येकीच्या अटी निराळ्या.

दुसरी वाट नागरिकांच्या सहभागातून तयार होणाऱ्या अंदाजपत्रकाची. पुणे महापालिकेने २००६ मध्ये ती सुरू केली. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास क्षेत्रीय कार्यालयात आणि ऑनलाइन अर्ज मागवले जातात, प्रभागातलं पाच लाखांपर्यंतचं काम कुणीही नागरिक सुचवू शकतो. इथे सोसायटीच्या आवारातलं काम सुचवू नका. बागेतल्या पाल्याचा हौद, मंडईच्या मागचा खड्डा, महापालिका शाळेतला प्रकल्प, अशी सार्वजनिक जागा धरा. नेमकी जागा लिहा, फोटो जोडा, लांबी-रुंदी द्या. "प्रभागात कचरा प्रकल्प व्हावा" अशी सूचना पहिल्याच चाळणीत गळते. आणि अर्ज टाकून घरी बसू नका. प्रभाग समितीची बैठक कधी आहे ते विचारून तिथे दोघं-चौघं जाऊन बसा.

नगरसेवकांचा निधी, ज्याला पुण्यात 'स' यादी म्हणतात, आमदार स्थानिक विकास निधी आणि खासदार निधी यांतूनही सार्वजनिक जागेवरची टिकाऊ कामं होऊ शकतात. प्रक्रिया लांब असते. हौदापेक्षा यंत्राकडे कल असतो, कारण यंत्रावर पाटी लावता येते. तुम्हाला हौद हवे असतील तर हौदच मागा, आग्रह सोडू नका.

गावात

गावाला पैसा मिळण्याचा मार्ग शहरापेक्षा सरळ आहे, फक्त वेळ साधावी लागते. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीत ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरावीक कामांवरच खर्च करायचा होता, आणि त्यातला निम्मा स्वच्छतेच्या कामांसाठी राखलेला होता. गावात कुणी "निधीच नाही" म्हणालं तर "बंधित निधीतला स्वच्छतेचा भाग कुठे खर्च झाला?" एवढंच विचारा. ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च कुणालाही पाहता येतो. तो आधी वाचून जा. ग्रामसभेत आवाज चढवावा लागत नाही.

स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्यासाठी ५,००० लोकसंख्येपर्यंतच्या गावाला माणशी ६० रुपयांपर्यंत आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ४५ रुपयांपर्यंत मदत ठरवली होती. त्यातला ३० टक्के वाटा ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या पैशातून घालायचा होता. २,४०० वस्तीच्या गावाचा हिशोब करा : १,४४,००० रुपये, त्यातले ४३,२०० ग्रामपंचायतीचे. एवढ्यात चार-पाच नाडेप आणि एक ढकलगाडी सहज होते. गोबरधन (शेण आणि ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस) प्रकल्पासाठी याच टप्प्यात जिल्ह्याला ५० लाखांपर्यंतची तरतूद होती. तो विषय ग्रामपंचायतीच्या हातात नसतो, त्यासाठी जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता विभागात जावं लागतं. रोजगार हमीतूनही महाराष्ट्रात नाडेप आणि गांडूळखताचे हौद वर्षानुवर्षे बांधले गेले आहेत.

काम आराखड्यात नसेल तर पैसा असूनही खर्च करता येत नाही. पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून आकार घेऊ लागतो. त्याच्या आधी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय मांडा, महिला सभेत मांडा, आणि ठरावात जागेचा गट क्रमांक, हौदांची संख्या आणि चालवणाऱ्या बचत गटाचं नाव येईल असं पाहा. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) ठरावाची प्रत त्याच आठवड्यात घ्या.

'माझी वसुंधरा' अभियान आणि संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान यांची बक्षिसं हा काम झाल्यानंतरचा पैसा आहे. त्या भरवशावर काम सुरू करू नका. पण काम चांगलं झालं तर भाग जरूर घ्या. वेंगुर्ल्यासारख्या लहान नगरपरिषदेने कचरा डेपोची जागा लोकांनी पाहायला यावं अशी करून दाखवली. तिथे एकदा आपल्या सरपंचांना आणि बचत गटाच्या ताईंना घेऊन जा. एसटीचं भाडं वसूल होईल.

कंपन्या, क्लब आणि परदेशातले आपले लोक

२०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची निव्वळ संपत्ती, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक असलेल्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर (यालाच सीएसआर म्हणतात) खर्च करावी लागते. स्वच्छता आणि पर्यावरण हे दोन्ही त्या यादीत आहेत. पण अडचण अशी की कंपनी हा पैसा गृहनिर्माण सोसायटीच्या खात्यात टाकू शकत नाही. काम करणारी संस्था नोंदणीकृत न्यास, संस्था किंवा कलम ८ ची कंपनी असावी लागते, तिच्याकडे आयकर खात्याची १२ अ आणि ८० जी ची (करसवलतीची) नोंदणी असावी लागते, तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून क्रमांक घ्यावा लागतो.

म्हणून घाईने नवीन ट्रस्ट काढू नका. परिसरात कचऱ्यावर, शाळांवर किंवा महिलांबरोबर काम करणारी जुनी संस्था शोधा आणि तिच्यामार्फत जा. दोघांत काय ठरलं ते एका पानावर लिहून सह्या करा : पैसा कुणाच्या खात्यात, खरेदी कोण करणार, वस्तू कुणाच्या मालकीच्या, हिशोब कोण देणार. हे एक पान नसल्यामुळे चांगल्या माणसांची भांडणं झालेली मी पाहिली आहेत. कंपनीकडे जाताना आसपासच्या कारखान्याकडे जा. ज्या मनुष्यबळ अधिकाऱ्याच्या गाडीला तुमच्या कोपऱ्यावरच्या कचऱ्याचा वास रोज येतो, त्याला समजावून सांगावं लागत नाही. अर्ज एप्रिल ते जूनमध्ये पोचावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये उरलेला पैसा संपवण्याची धावपळ असते, तेव्हा मिळतो लवकर पण अटी वाचायला वेळ मिळत नाही.

लहान रकमेसाठी रोटरी, लायन्स, जिमखाने, गणेश मंडळं यांना विचारा. २०२१ पासून पर्यावरण हा रोटरीच्या कामाच्या मुख्य विषयांपैकी एक आहे आणि लहान स्थानिक कामांना त्यांची डिस्ट्रिक्ट ग्रँट असते. क्लबचं नवं वर्ष १ जुलैला सुरू होतं. होणाऱ्या अध्यक्षांना मार्च-एप्रिलमध्येच भेटा.

आणि आपल्या सोसायटीतली, गावातली परदेशी गेलेली मुलं-मुली. ती मनापासून पैसे द्यायला तयार असतात. इथे कायदा नीट समजून घ्या. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परकीय देणगी धरले जात नाहीत. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं आहे त्यांचे पैसे, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, परकीय देणगीच ठरतात, आणि ते घ्यायला एफसीआरए या परकीय देणगी कायद्याखालची नोंदणी लागते. दहा हजारांच्या प्रेमाच्या देणगीने संस्था अडचणीत येऊ शकते. घेण्याआधी विचारा, आणि सनदी लेखापालांना दाखवा.

अर्ज लिहिताना

दोन पानं पुरतात. पहिल्याच परिच्छेदात सगळं आलं पाहिजे. "आमच्या परिसरात कचऱ्याची समस्या गंभीर असून तातडीने उपाययोजना करणे गरजेचे आहे" असं लिहू नका. असं लिहा :

"आमच्या ६० घरांतून रोज सरासरी ३४ किलो ओला कचरा निघतो (१ ते १५ जुलैच्या नोंदी सोबत). ५२ घरे आजच तो वेगळा करून देतात. चार जाळीदार हौद बांधून हा सगळा कचरा आवारातच जिरवण्याचा आमचा प्रस्ताव आहे. बांधकाम, पत्र्याची शेड आणि अवजारे यांसाठी १,८०,००० रुपये खर्च येईल. त्यापैकी ४५,००० सोसायटी भरेल. रोजच्या कामाचे मानधन सोसायटी देखभाल खर्चातून देईल, तसा ठराव सर्वसाधारण सभेत झाला आहे."

यानंतर जागेचा हाताने काढलेला नकाशा, तीन दरपत्रकं, महिनावार वेळापत्रक आणि "दोन वर्षांनी हा प्रकल्प कसा चालेल" यावर पाच-सहा ओळी. पर्यावरणाबद्दल एकच मुद्दा लिहायचा असेल तर हा लिहा : डेपोत हवेविना दबलेला ओला कचरा मिथेन सोडतो, आणि शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमान वाढवतो. पुणेकर असाल तर उरुळी देवाची आणि फुरसुंगीचं नाव जरूर घ्या. आपल्या घरातला कचरा त्या गावांनी वर्षानुवर्षे सोसला, त्यांच्या विहिरींचं पाणी बिघडलं. आपण हा प्रकल्प का करतो याचं याहून खरं कारण मला सापडलेलं नाही.

सोबतची कागदपत्रं : नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, बँकेचा रद्द केलेला धनादेश, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब, ठरावाची प्रत, जागामालकाचं ना-हरकत पत्र. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होते, तेव्हा ठराव त्याच सभेत घ्या, नाहीतर विशेष सभा बोलवावी लागेल.

पैसे आल्यावर

वेगळी खातेवही, प्रत्येक बिलावर सही, रोखीने काही नाही. काम सुरू होण्याआधी ज्या कोपऱ्यातून फोटो काढला, त्याच कोपऱ्यातून दर महिन्याला काढा. देणारा बदल बघत असतो आणि कोन बदलला की बदल दिसत नाही.

तिसऱ्या आठवड्यात तक्रारी येतील. हौदात पांढऱ्या-करड्या अळ्या दिसतील, पहिल्या मजल्यावरचे काका चिडतील. या अळ्या कचरा झपाट्याने खातात, रोग पसरवत नाहीत. तरी शेजाऱ्यांचा त्रास खरा आहे हे मान्य करा. वर जाड थर पाल्याचा द्या, ओल कमी करा, हौदाला बारीक जाळी बसवा, आणि काकांना दोन दिवसांनी स्वतः जाऊन विचारा. उंदीर आले तर शिजलेलं अन्न वर उघडं राहतंय असं समजा. या काळात प्रकल्प बंद पडतात, म्हणून पहिले दोन महिने समितीतल्या एकाने रोज सकाळी दहा मिनिटं हौदाजवळ उभं राहायचं हे आधीच ठरवून टाका.

खत विकायचं मनात असेल तर १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाची मानकं लागतात, प्रयोगशाळेत तपासणी करावी लागते. पहिल्या वर्षी त्या फंदात पडू नका. झाडांना, गच्चीवरच्या कुंड्यांना, शेजारच्या शाळेच्या बागेला द्या, आणि कुणाला किती दिलं ते वहीत लिहा.

मुदत संपली की महिन्याच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) द्या. मागण्याची वाट पाहू नका. पैसे उरले असतील तर तसं लिहा आणि परत करा किंवा कशावर खर्च करू ते विचारा. आम्ही ६,००० रुपये परत केले होते, पुढच्या वर्षी शेडच्या दुरुस्तीला त्याच लोकांनी आमचं एक पानाचं पत्र वाचून पैसे दिले. आणि प्रमाणपत्र टपालाने पाठवू नका. हौद हलवणाऱ्या मावशींना बरोबर घेऊन जा, चाळलेल्या खताची एक पिशवी न्या. काय करायचं, कसं करायचं, ते त्यांनाच सांगू द्या. पिशवीवर तारीख आणि वजन लिहा.